कोणी कोणी पाहिलं

फेरी उशिरा होती त्या मंगळवारी,
रक्ताच्या नळ्या धक्क्यावर खोळंबलेल्या,
आणि लेइदा वाहत्रास, वय एक्याऐंशी,
समोर बसली ओला कोट न काढता.

मी कार्ड सरकवलं, पिन दाबला.
हीउमाच्या या खोलीत सगळा देश येतो पडद्यावर:
तालिनमध्ये वाढवलेला वॉर्फरिनचा डोस,
हापसालूत बसवलेला खुबा.
त्याआधीचं तिच्या घरी, बुटांच्या खोक्यात.
"दम लागतो का?" मी पडद्यालाच विचारलं.

तिनं पिशवीतून कागद काढला.
वाचनालयातल्या बाईकडून छापून घेतलेला,
धुरी दिलेल्या माशाचा वास असलेला.
आजार नव्हते त्यावर. नुसती नावं.
आमच्याकडे आजाऱ्याला बघता येतं,
आपलं दप्तर कोणी उघडलं, किती वाजता.
"बाकीचं तुम्ही वाचा, डॉक्टर. मी एवढंच वाचते."

औषधवाला. रुग्णवाहिकेतला पोरगा, दोनदा.
मी, बावीस वेळा. बरं वाटलं, का कोण जाणे.
आणि पहाटे दोन चाळीसला, तार्तूहून,
रीन वाहत्रास, क्ष-किरण विभाग.
पुन्हा नोव्हेंबरात.
खुबा मोडला त्या रात्री चार वेळा,
पाच-पाच मिनिटांनी.

मुलगी. अकरा वर्षं फोन नाही.
का, ते दप्तरात नाही.
बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे:
जंगलाचा एक तुकडा,
आणि बापाला पुरताना बोललं गेलेलं एक वाक्य.

सांगणं भाग होतं, ते सांगितलं.
उपचार आपल्याकडे नसताना दप्तर उघडणं
कायद्यात बसत नाही.
तक्रार करता येते. तिची नोकरीही जाऊ शकते.
लेइदा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
बाहेर बर्फ ओढणारं यंत्र एकाच जागी घरघरत होतं.
"तक्रार केली तर ती बघायची थांबेल."

माझ्या पुस्तकांत याला नाव आहे, गोपनीयतेचा भंग.
गावात म्हणतील, विचारपूस.
दोन्ही शब्द जिभेवर घोळवले,
एकही गिळता येईना.

"तुम्ही लिहिताच फार थोडं," ती म्हणाली.
"'प्रकृती स्थिर.' त्यात काय वाचणार माणूस,
रात्री दोन वाजता?"

पंधरा वर्षं मी कोणासाठी लिहितेय?
विम्यासाठी, पुढच्या डॉक्टरसाठी,
झालंच तर न्यायालयासाठी.
त्या दिवशी टाइप करताना पहिल्यांदा
मला वाचणारी दिसली.

खोटं एक अक्षर नाही.
नाडी अनियमित, चौऱ्याऐंशी. सूज घोट्यापर्यंत.
मग सामाजिक स्थितीच्या चौकटीत,
जिथे एरवी मी दोन शब्दांत उरकते:
एकटी राहते. जिना टाळते, स्वयंपाकघरातच झोपते.
लाकडं शेजारचा काल्यो आणून टाकतो.
सफरचंदाची साल अजून अखंड काढते,
हात कापत नाही.
मागचं दार रात्रीही उघडं असतं.
पुढे लिहिलं होतं, सुरक्षेचा प्रश्न.
ते खोडलं.
मागचं दार रात्रीही उघडं असतं.

हे नियमात कुठे बसतं, मला माहीत नाही.
तक्रार मीच करायला हवी होती, तेही खरं.
माझं नाव, माझी सही, वेळ दहा सत्तावीस.
पडदा तिच्याकडे वळवला. चष्मा पुसून
तिनं एकेक ओळ बोट धरून वाचली.
मग नोंद समुद्राखालून निघून गेली,
फेरीची वाट न बघता.

कागदाची घडी परत पिशवीत.
पाण्याची गोळी सकाळी की दुपारी,
ते तिनं दुसऱ्यांदा विचारलं.
आणि दाराशी थांबून, जरा रागानंच,
"ते सालीचं कशाला लिहिलंत?
तिला वाटेल, मी बरी आहे."